मोटरवाली चॉपर सायकल घरच्या गॅरेजमध्ये कशी बांधावी

चॉपर म्हणजे पुढे लांब, तिरका फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) असलेली गाडी. तिला रूप येतं ते या लांब फोर्कमुळे, आणि गाडी फसते तीही बहुधा त्याच फोर्कमुळे. जुन्या फ्रेमच्या पुढच्या चिमट्याला नळ्या जोडून लांब केलं आणि मागे मोटरचं चाक बसवलं की चॉपर उभी राहते खरी, पण चालत नाही. कमी वेगात हँडल एका बाजूला कोसळतं, पेडल उंच जातं, ब्रेक दाबला की फोर्क मागे-पुढे डुलतो. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी जमिनीवर आराखडा, मग फ्रेम, मग फोर्क आणि ब्रेक, आणि मोटर सगळ्यात शेवटी. मोटर उघडून बदलता येते, हेड ट्यूबचा (फोर्कचा दांडा ज्यात फिरतो ती फ्रेमची पुढची नळी) कोन मात्र एकदा वेल्ड झाला की झाला.

पुढची सगळी मापं दोन्ही बाजूंना २६ इंची चाकं, मागे हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसणारी मोटर) आणि स्टीलची फ्रेम धरून दिली आहेत. पेट्रोलचं छोटं टू-स्ट्रोक इंजिनही बसवता येतं. पण त्याची कंपनं, वेगळी चेन, क्लच आणि टाकी यांची जागा हे सगळं पहिल्याच बांधणीत अंगावर घेऊ नये. आणखी एक गोष्ट आधीच करून घ्या: आपल्याकडे किती वॅट आणि किती वेगापर्यंत अशा गाडीला सायकल मानतात आणि कुठून पुढे नोंदणी लागते, हे पाहून मगच मोटर निवडा.

जमिनीवरचा आराखडा

गॅरेजच्या फरशीवर खडूने गाडी पूर्ण मापात काढा. कागदावरचा छोटा आराखडा फसवतो, कारण त्यात पाय कुठे लागतो ते कळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचे आकडे तीन: हेड अँगल, ऑफसेट आणि ट्रेल. हेड अँगल म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाने जमिनीशी केलेला कोन. ऑफसेट म्हणजे त्या अक्षापासून पुढच्या चाकाचा अ‍ॅक्सल (मधला आस) जितका पुढे आहे ते अंतर. स्टिअरिंगचा अक्ष खाली वाढवला तर तो जमिनीला जिथे टेकतो, तिथपासून टायर जिथे टेकतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे ट्रेल. त्याचं सूत्र असं: चाकाची त्रिज्या गुणिले कोनाचा कोसाइन, त्यातून ऑफसेट वजा, आणि उत्तराला कोनाच्या साइनने भागा.

२६ इंची चाकाची टायरसकट त्रिज्या सुमारे ३३५ मिमी. साध्या सायकलचा हेड अँगल ७० अंश आणि ऑफसेट ४५ मिमी धरला तर ट्रेल येतो ७४ मिमी. आता तोच ४५ मिमी ऑफसेट ठेवून कोन ५५ अंशांवर आणला की ट्रेल थेट १८० मिमी होतो. हँडल कोसळण्याचं कारण हेच. ट्रेलला त्याच कोनाच्या साइन आणि कोसाइनने गुणलं की चाक बाजूला पडण्याचा जोर कळतो. साध्या सायकलला तो आकडा २४ च्या आसपास असतो, ५५ अंशांच्या त्या गाडीला ८५.

पहिल्या बांधणीला ६० अंश ठेवा आणि ऑफसेट ८० मिमीपर्यंत वाढवा. ट्रेल सुमारे १०० मिमी येतो आणि चाक पडण्याचा आकडा ४४ वर थांबतो. साध्या सायकलपेक्षा हँडल जड लागेल, पण हाताला सवय होते. ५५ अंशांची गाडी जास्त झोकदार दिसते, पण गर्दीत हळू चालवताना दमवते.

फोर्कची लांबी अ‍ॅक्सलपासून खालच्या प्लेटपर्यंत (हेड ट्यूबच्या खाली फोर्कचे पाय धरणारी प्लेट) ७०० मिमी घ्या. वरच्या मापांनी खालची प्लेट जमिनीपासून सुमारे ९०० मिमी उंचीवर येते. दोन्ही अ‍ॅक्सलमधलं अंतर १५०० मिमी ठेवा. ते त्याहून कमी केलं तर वळताना पायाचा चवडा पुढच्या टायरला घासतो.

आता बसणं. सीट जमिनीपासून ७२० मिमी वर आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या २५० मिमी पुढे. पायाची आतली लांबी, म्हणजे जांघेपासून तळव्यापर्यंतचं अंतर, ०.८८ ने गुणा. सीटपासून बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस ज्यात फिरतो तो भाग) मध्यापर्यंत तेवढं अंतर हवं. आतली लांबी ८०० मिमी असेल तर बॉटम ब्रॅकेट जमिनीपासून २९० ते ३०० मिमी वर आणि मागच्या अ‍ॅक्सलपासून साधारण ८०० मिमी पुढे येतं. ही मापं खडूने काढून झाली की त्या चित्राजवळ स्टूल ठेवून बसा आणि पाय पेडलच्या जागी लांबवून बघा. हँडलची मूठ खांद्याच्या वर जाऊ देऊ नका, हात बधिर होतात आणि ब्रेकवरची पकड कमी होते.

फ्रेम

मागचा भाग नव्याने बनवायच्या भानगडीत पडू नका. जुन्या स्टीलच्या २६ इंची माउंटन बाइकचा मागचा त्रिकोण, सीट ट्यूब आणि बॉटम ब्रॅकेटच्या शेलसकट, तसाच वापरा. त्यात ड्रॉपआउट (चाकाचा अ‍ॅक्सल ज्यात बसतो त्या खाचा) आधीच एका रेषेत असतात, आणि ते हाताने जमवणं हेच सगळ्यात किचकट काम आहे. दोन ड्रॉपआउटमधलं अंतर १३५ मिमी असल्याची खात्री करा, मागच्या हब मोटरला बहुतेक वेळा तेवढंच लागतं. फ्रेम स्टीलची आहे की अ‍ॅल्युमिनियमची हे लोहचुंबकाने कळतं. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला या कामात हात लावू नका.

वरचा कणा ३८ मिमी व्यासाच्या नळीचा, डाउन ट्यूब ३२ मिमीची आणि पुढे ८०० मिमीवर येणाऱ्या नव्या बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या त्रिकोणातल्या जुन्या शेलपर्यंत २५ मिमीच्या दोन समांतर नळ्या. सगळ्यांची जाडी २ मिमी. पातळ नळी वजनाला बरी वाटते, पण घरच्या मिग वेल्डिंगने तिला भोकं पडतात. जस्ताचा मुलामा असलेला पाइप घेऊ नका, त्याचा धूर विषारी असतो. जुन्या भागावर क्रोम असेल तर तो सांध्याच्या आसपास मास्क लावून, उघड्या हवेत घासून काढा. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागेवर वेल्डिंग तर कधीच करू नका, त्यातून फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो. साफ करायला अ‍ॅसिटोन वापरा आणि ते पूर्ण उडाल्यावरच टॉर्च हातात घ्या.

नळीचं तोंड दुसऱ्या नळीवर नेमकं बसलं पाहिजे. त्यासाठी कागदाचा साचा नळीला गुंडाळून खूण करा, ग्राइंडरने कापा आणि अर्धगोल कानशीने घासत आणा. सांध्यात १ मिमीहून जास्त फट राहिली तर ती वेल्डने भरू नका, नळी नवी कापा. फट भरताना उष्णता जास्त जाते आणि थंड होताना सांधा त्याच बाजूला ओढला जातो.

खऱ्या फ्रेमला हात लावण्याआधी त्याच नळीचे दोन तुकडे काटकोनात जोडा, शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडा आणि हातोड्याने आडवे करा. नळी दुमडली आणि सांधा शाबूत राहिला तर मशीनची सेटिंग बरोबर. वेल्ड सोलून निघाला तर तो नुसता वर बसला होता, आत शिरला नव्हता. करंट वाढवा आणि पुन्हा करून बघा.

सगळी फ्रेम आधी टाक्यांवर (वेल्डच्या छोट्या ठिपक्यांवर) उभी करा, प्रत्येक सांध्याला चार टाके. हेड ट्यूबमध्ये एक सरळ सळई घालून ६० अंशांचा कोन मोजा. मागे चाक लावा, हेड ट्यूबवरून दोरी घेऊन दोन्ही ड्रॉपआउटना बांधा आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर तपासा. २ मिमीपर्यंतचा फरक चालतो. मग पक्कं वेल्डिंग, पण २० ते ३० मिमीचे तुकडे, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे. हेड ट्यूबमध्ये जुने कप आणि बॉटम ब्रॅकेटच्या शेलमध्ये जुनी वाटी आटे धरून ठेवायला बसवलेली असू द्या, नाहीतर गोल नळी अंडाकृती होते आणि आटे खराब होतात. शेलच्या उजव्या बाजूचे आटे बहुधा उलटे असतात, जोर लावण्याआधी ते आठवा.

डाउन ट्यूब आणि हेड ट्यूबच्या कोपऱ्यात ३ मिमी पत्र्याची त्रिकोणी गसेट (आधाराचा तुकडा) द्या. दिसायला बरं म्हणून वेल्डचा फुगवटा घासून सपाट करू नका, ताकद तिथेच असते.

फोर्क

साध्या फोर्कमध्ये अ‍ॅक्सलपासून क्राउनपर्यंतचं (दोन्ही पाय जिथे वर जुळतात तिथपर्यंतचं) आडवं अंतर साधारण १८० मिमी असतं, या फोर्कमध्ये ते ४२० मिमी होतं. म्हणजे तेवढ्याच वजनाला वाकवणारा जोर दुपटीहून जास्त. त्यामुळे एका क्राउनवर भागत नाही. हेड ट्यूबच्या वर आणि खाली ८ मिमी जाडीच्या स्टीलच्या प्लेट्स लावा आणि दोन्ही पाय दोन्ही प्लेट्समधून न्या. पायांना २८ मिमी व्यासाची, २.५ मिमी जाडीची अखंड नळी घ्या. दोन तुकडे टोकाला टोक लावून जोडलेला फोर्क खड्ड्यात तुटू शकतो आणि तो तुटतो तेव्हा माणूस थेट तोंडावर पडतो. इथे तडजोड नकोच.

८० मिमी ऑफसेट एकाच ठिकाणी काढू नका. प्लेटमध्ये पाय स्टिअरर ट्यूबच्या (हेड ट्यूबमध्ये फिरणारा फोर्कचा दांडा) ४५ मिमी पुढे ठेवा आणि उरलेले ३५ मिमी खालच्या ड्रॉपआउट प्लेटमधून पुढे काढा. स्टिअरर जुन्या स्टीलच्या फोर्कचा घ्या, म्हणजे हेडसेटचे (हेड ट्यूबमधल्या बेअरिंगचे) छर्रे आणि वाट्या जुळतात.

ब्रेक

पुढे १८० मिमी डिस्क लावा. कॅलिपरची (डिस्क दोन्ही बाजूंनी दाबणारा भाग) पट्टी डाव्या पायावर वेल्ड होते आणि ब्रेक दाबताच तो पाय एकटाच पिळतो, म्हणून टायरच्या वर दोन्ही पायांना जोडणारी कमान द्या. चॉपरचं वजन मागे असतं, त्यामुळे पुढचं चाक हलकं राहतं आणि ओल्या रस्त्यावर लवकर घसरतं. मागचा ब्रेक इथे नावापुरता नसतो, तोही पूर्ण ताकदीचा हवा. नेहमीची ब्रेकची तार मागपर्यंत पुरत नाही. दोघांच्या टँडेम सायकलची लांब तार घ्या किंवा हायड्रॉलिक ब्रेक लावा.

चेन

बॉटम ब्रॅकेट ८०० मिमी पुढे गेल्यावर ४४ दातांचा पुढचा आणि १८ दातांचा मागचा चक्का धरला तर सुमारे १५८ कड्या लागतात, म्हणजे एक पूर्ण चेन आणि दुसरीचा तुकडा. एवढी लांब चेन खालच्या बाजूला लोंबते आणि खड्ड्यात उतरते, म्हणून मधे ताण देणारा रोलर बसवा.

मोटर आणि बॅटरी

३६ व्होल्टची, २५० ते ५०० वॅटची हब मोटर पुरते. तिचा अ‍ॅक्सल दोन बाजूंनी चपटा असतो, त्या सपाट बाजूंमधलं अंतर १० मिमी. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा अ‍ॅक्सल उलटा फिरायला बघतो. नट कितीही आवळला तरी त्याच्या भरवशावर राहू नका, दोन्ही बाजूंना ६ मिमी जाडीचे टॉर्क आर्म (अ‍ॅक्सलला फिरू न देणाऱ्या पट्ट्या) लावा. अ‍ॅक्सल एकदा सुटून फिरला की मोटरच्या तारा गुंडाळून तुटतात आणि चाक ड्रॉपआउटमधून बाहेर येतं. केबल अ‍ॅक्सलमधून निघाल्यावर आधी खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून मोटरमध्ये जाणार नाही.

३६ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत १० सेल एकापुढे एक असतात. पूर्ण चार्ज ४२ व्होल्ट, तेव्हा चार्जरही ४२ व्होल्टचाच. कंट्रोलर (मोटरला जाणारा करंट सांभाळणारा डबा) २० अँपिअरचा असेल तर बीएमएस (बॅटरीचे सेल जपणारं सर्किट) ३० अँपिअरचं घ्या, मुख्य तार ४ चौरस मिमी आणि बॅटरीच्या धन टोकाजवळच ३० अँपिअरचा डीसी फ्यूज. ३६ व्होल्ट आणि १३ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ४६८ वॅट-तास; अशी जड गाडी किलोमीटरमागे १० ते १५ वॅट-तास खाते, म्हणजे ३० ते ४५ किलोमीटर. बॅटरी दोन खालच्या नळ्यांवर बसवा. ती सीटच्या मागे टांगली तर पुढचं चाक आणखी हलकं होतं.

जोडणी करताना मागचं चाक उचललेलं ठेवा. मोटरला तीन जाड तारा जातात आणि हॉल सेन्सरला (मोटर कुठे फिरली आहे ते कंट्रोलरला सांगणारा) पाच बारीक. रंग जुळले म्हणजे क्रम जुळला असं नसतं. क्रम चुकला तर मोटर घरघरते, गचके खाते आणि रिकामी फिरतानाही भरमसाट करंट ओढते. लगेच बंद करा आणि जाड तारांची अदलाबदल करून बघा.

थ्रॉटलच्या (वेग कमी-जास्त करणारी मूठ) तीन तारांपैकी काळी तार सगळ्यात जपायची. ती तुटली तर बऱ्याच साध्या कंट्रोलरना पूर्ण थ्रॉटलचा इशारा मिळतो आणि गाडी स्वतःहून सुटते. म्हणून ही तार हँडल वळताना ताणली जाऊ देऊ नका, आणि ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे कट-ऑफ लिव्हर दोन्ही हातांना बसवा.

पहिली फेरी आणि रंग

रंग आधी देऊ नका. उघड्या धातूवर तडा दिसतो, रंगाखाली लपतो. हेल्मेट घालून, मोकळ्या सपाट जागेत, आधी मोटर बंद ठेवून फक्त पेडलवर चालवा. हँडल डगमगलं तर हेडसेटमधली ढिलाई आधी तपासा, मग ट्रेल पुन्हा मोजा. त्यानंतर मोटर लावा, आणि १०, ३० व १०० किलोमीटरनंतर हेड ट्यूबचे सांधे, फोर्कच्या प्लेट्स आणि टॉर्क आर्मच्या आसपास भिंग घेऊन बघा. केसाएवढी रेघ दिसली तरी तो सांधा कापून पुन्हा करायचा, वरून वेल्ड फिरवून भागत नाही. १०० किलोमीटरनंतर काही निघालं नाही तर गाडी पुन्हा सुटी करा, हेडसेटच्या जागा आणि आटे कागदी टेपने झाका, मग प्रायमर आणि रंग मारा.