ऑक्साइड ट्रान्झिस्टरला आयॉनिक लिक्विडचा गेट कसा लावायचा

ट्रान्झिस्टरला आयॉनिक लिक्विडचा, म्हणजे नुसत्या आयनांनी बनलेल्या द्रव मिठाचा, गेट कसा लावायचा हे एमएस्सी-पीएचडीवाले खूप जण विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतो, उदाहरण आयजीझेडओचं (इंडियम-गॅलियम-झिंक ऑक्साइडचं) घेतो कारण ते सगळ्यात सोपं पडतं.

नेहमीच्या गेटमधल्या ३०० नॅनोमीटरच्या सिलिकॉन डायऑक्साइडची कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) चौरस सेंटीमीटरला साधारण ११-१२ नॅनोफॅरड असते, आयॉनिक लिक्विडची १० मायक्रोफॅरडच्या आसपास. गेटला प्लस दिला की पॉझिटिव्ह आयन ऑक्साइडच्या पृष्ठभागाला येऊन बसतात, समोर चॅनलमधे (करंट वाहतो त्या ऑक्साइडच्या पट्ट्यात) इलेक्ट्रॉन गोळा होतात आणि मधे अंतर जेमतेम एक नॅनोमीटर, म्हणून एक-दीड व्होल्टात भागतं. जपानमधे २०११ साली पोटॅशियम टॅन्टलेटसारखा इन्सुलेटर असाच गेट लावून सुपरकंडक्टर केला होता, आता ते ०.०५ केल्विनला हा भाग वेगळा!

डिव्हाइस करताना गेट चॅनलच्या शेजारीच सोन्याचा पॅड म्हणून टाका, आणि त्याचं क्षेत्रफळ चॅनलच्या निदान दहापट ठेवा, नाहीतर दिलेला व्होल्टेज गेटच्याच बाजूला खर्च होतो आणि चॅनलला काहीच मिळत नाही. सोर्स-ड्रेनवर (चॅनलच्या दोन टोकांच्या इलेक्ट्रोडवर) बेक केलेला फोटोरेझिस्ट चढवून फक्त चॅनल उघडा ठेवा, लीकेज बरंच कमी होतं.

आता खरी कटकट, पाणी. डीईएमई-टीएफएसआय काय किंवा ईएमआयएम-टीएफएसआय काय, ही नेहमीची आयॉनिक लिक्विडं पाण्यात मिसळत नाहीत म्हणून कोरडे असतात असं समजू नका, हवेतली ओल ते गपचूप ओढतात आणि पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या लॅबमधे तर विचारूच नका. व्हॅक्यूममधे १०० ते १२० डिग्रीला रात्रभर ठेवा, बाटली ग्लोव्हबॉक्समधेच (कोरड्या वायूच्या बंद पेटीत) उघडा. पाणी राहिलं तर सव्वा व्होल्टच्या पुढे ते फुटायला लागतं, हायड्रोजन ऑक्साइडमधे शिरतो आणि करंट मस्त वाढतो, मग माणूस खुश होतो पण तो फील्ड इफेक्ट (नुसत्या गेटच्या विद्युत क्षेत्राने इलेक्ट्रॉन गोळा होणं) नसतोच.

थेंब मायक्रोपिपेटने अर्धा-एक मायक्रोलिटरचाच टाका, चॅनल आणि गेट पॅड दोन्ही झाकले पाहिजेत, पण प्रोबच्या सुया थेंबात बुडता कामा नयेत, सुई बुडाली की तिथेच रिअ‍ॅक्शन चालू. लाइट बंद करून मोजा, आयजीझेडओला उजेड लागला की करंट वर जातो आणि बराच वेळ खाली येत नाही. गेट व्होल्टेजचा स्वीप सेकंदाला ५-१० मिलिव्होल्ट, त्याहून जोरात गेलात तर आयन मागे राहतात आणि हिस्टेरेसिसचा (जाताना एक करंट, येताना दुसराच) मोठा फुगा दिसतो. ड्रेन करंटसोबत गेट करंटही प्रत्येक वेळी सेव्ह करा, त्याला मधेच उंचवटा आला तर तिथे केमिस्ट्री चालू झाली असं धरा आणि व्होल्टेज त्याच्या खाली ठेवा.

एवढं करूनही, वाढलेला करंट खरंच फील्ड इफेक्टचा का, ही शंका ठेवाच. २०१२ मधे व्हॅनेडियम डायऑक्साइडचा अख्खा फिल्म गेटने मेटल झाल्याचा पेपर आला आणि पुढच्याच वर्षी आयबीएमच्या लोकांनी दाखवलं की फील्डमुळे ऑक्सिजन बाहेर निघून व्हेकन्सी (ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा) तयार होतात. मग ओळखायचं कसं? गेट शून्यावर आणा, थांबा, लिक्विड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून टाका आणि पुन्हा रेझिस्टन्स मोजा. मूळ आकड्यावर आला तर ठीक, धुतल्यावरही कमीच राहिला तर जास्तीचे इलेक्ट्रॉन व्हेकन्सीचे किंवा हायड्रोजनचे.

लो टेम्परेचरवाल्यांनी डीईएमई-टीएफएसआयला गेट २२०-२४० केल्विनला द्यावा, तिथे आयन हलतात पण रिअ‍ॅक्शन मंदावते, मग गेट तसाच चालू ठेवून थंड करत जा, साधारण १८०-१९० च्या खाली आयन गोठतात आणि त्यानंतर गेट बदलून काही उपयोग नाही.

आणि हो, मोबिलिटी (इलेक्ट्रॉन किती सहज धावतात तो आकडा) काढताना पेपरमधली कपॅसिटन्स उचलून घालू नका. ती फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलते, किलोहर्ट्झची व्हॅल्यू घातली तर मोबिलिटी उगाच फुगते, त्यामुळे आपल्याच डिव्हाइसवर, ज्या स्पीडने स्वीप केला त्याच स्पीडला मोजा.