मोजणीची मापं ऑटोकॅडमध्ये उतरवताना या चुका टाळा

ऑटोकॅड या नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या हद्दीवरूनच उद्या पायाची आखणी होते, कुंपणाचे खड्डे पडतात आणि परवानगीचा नकाशा दाखल होतो. जागेवर टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) कितीही नीट लावलेलं असो, फील्डबुक म्हणजे जागेवरच्या मापांची वही आणि स्क्रीन यांच्यामध्ये चूक झाली तर ती मोजणी वाया जाते. तुम्ही दिलेलं माप सॉफ्टवेअर निमूट स्वीकारतं. संशय आपल्यालाच घ्यावा लागतो.

क्षेत्रफळ जुळलं म्हणजे नकाशा बरोबर, असं नाही

नव्या ड्राफ्ट्समनला सर्वांत जास्त फसवणारी चूक हीच आहे. सर्व्हेयरच्या सीएसव्ही फाइलमध्ये बहुतेक वेळा आधी नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर) आणि मग ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर) असतं. ऑटोकॅडला आधी एक्स, म्हणजे ईस्टिंग लागतं. रकाने तसेच घातले की प्लॉट आरशात पाहिल्यासारखा उलटा येतो. बेअरिंगचं, म्हणजे रेघेच्या दिशेच्या कोनाचंही तेच. सर्व्हेयर उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने कोन मोजतो, तर ऑटोकॅड मूळ सेटिंगमध्ये पूर्वेपासून घड्याळाच्या उलट दिशेने. बेअरिंग जसंच्या तसं टाइप केलं तर नेमकी तीच उलटी आकृती तयार होते.

यातली अडचण अशी की या आकृतीत प्रत्येक बाजूची लांबी बरोबर असते, क्षेत्रफळ बरोबर असतं आणि आकृती बंदही होते. पण पूर्वेचा शेजारी उत्तरेला गेलेला असतो आणि पश्चिमेचा दक्षिणेला. म्हणून हद्द काढून झाली की खरेदीखत उघडा आणि त्यातली चतुःसीमा नकाशाशी ताडून पाहा. रस्ता, नाला, लगतचे गट नंबर कागदावर ज्या दिशेला आहेत त्याच दिशेला स्क्रीनवर दिसले पाहिजेत. बेअरिंगनेच काम करायचं असेल तर सुरुवातीलाच युनिट्समध्ये जाऊन कोनाची सुरुवात उत्तरेपासून ठेवा आणि क्लॉकवाइजवर टिक करा.

टिंबानंतरचा आकडा नेहमी दशांशच असतो असं नाही

१२५ अंश ३० मिनिटं १५ सेकंद हे माप अनेक यंत्रं १२५.३०१५ असं दाखवतात. तेच ऑटोकॅडमध्ये टाइप केलं तर सॉफ्टवेअर ते दशांश अंश समजतं. खरा दशांश कोन १२५.५०४२ अंश आहे. पन्नास मीटरच्या बाजूवर एवढ्या फरकाने टोक जवळजवळ १८ सेंटिमीटर सरकतं. अंश, मिनिटं, सेकंद वेगवेगळी द्या.

फुटांचंही तसंच. ३२ फूट ६ इंच म्हणजे ३२.५ फूट. टेप धरणाऱ्याने घाईत ३२.६ लिहिलं असेल तर ते नेमकं काय आहे, हे त्याला विचारल्याशिवाय रेघ ओढू नका.

जुन्या टिपणावरून, म्हणजे जुन्या मोजणीच्या मापांच्या कच्च्या नकाशावरून, हद्द उभी करायची असेल तर आणखी जपून. आपल्याकडच्या जुन्या मोजणीत साखळी ३३ फुटांची आणि एका साखळीचे सोळा आणे. टिपणावर ६ साखळी ८ आणे असेल तर ते साडेसहा साखळ्या, म्हणजे ६५.३८ मीटर. कुणी ६.८ साखळ्या धरून गुणाकार केला तर ६८.४० मीटर येतात. एका बांधावर तीन मीटरचा फरक! एवढ्यात शेजाऱ्याची आंब्याची ओळ आपल्या नकाशात येते.

टाइप केलं एक, उमटलं दुसरं

पुण्याकडचा बिंदू यूटीएम या मीटरमधल्या जागतिक ग्रिडमध्ये साधारण ३७९२४५.३१८, २०४८११२.६५४ असा दिसतो. पॉलीलाइन (अनेक बिंदूंतून जाणारी सलग रेघ) सुरू करून पहिला बिंदू दिला, तो बरोबर पडला. दुसरा दिला आणि रेघ कुठल्या कुठे गेली. डायनॅमिक इनपुट (कर्सरजवळच्या चौकटीत आकडे घेण्याची सोय) चालू असताना मूळ सेटिंगमध्ये दुसऱ्या बिंदूपासून पुढची सगळी मापं आधीच्या बिंदूपासूनची धरली जातात, त्याचा हा परिणाम. एफ१२ दाबून ते बंद करा, किंवा प्रत्येक कोऑर्डिनेटच्या आधी हॅश चिन्ह द्या.

स्क्रिप्ट फाइलने, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या कमांडच्या यादीने, बिंदू टाकत असाल तर एफ३ दाबून ऑब्जेक्ट स्नॅप (जवळच्या बिंदूला आपोआप चिकटण्याची सोय) आधी बंद करा. हाताने टाइप केलेल्या आकड्यापुढे ऑटोकॅड स्नॅपला मागे ठेवतं, स्क्रिप्टमधल्या आकड्यापुढे मात्र ठेवत नाही. जवळजवळचे दोन बिंदू, समजा भिंतीचा कोपरा आणि त्याला लागून असलेला हद्दीचा दगड, मग एकाच जागी बसतात. पडद्यावर हे डोळ्यांना दिसतही नाही.

उंचीही अशीच नकळत आत शिरते. उताराच्या जमिनीवर एका कोपऱ्याची पातळी ५५२.४० आणि दुसऱ्याची ५४६.१० असेल, आणि साधी लाइन बिंदूंना स्नॅप करून ओढली, तर ती रेघ तिरपी जाते. आडवं अंतर ३० मीटर असताना लिस्ट कमांड ३०.६५ दाखवते. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि परवानगीचा नकाशा दोन्ही आडव्या मापाचे असतात. ओस्नॅपझेड हे व्हेरिएबल १ करून मगच हद्दी काढायला घ्या.

आकृती बंद होत नसेल तर ओढून बंद करू नका

ट्रॅव्हर्समधला, म्हणजे हद्दीभोवती एकामागून एक मोजत गेलेल्या रेघांमधला, शेवटचा बिंदू पहिल्यावर आला नाही की बरेच जण शेवटच्या रेघेचं टोक धरून पहिल्या बिंदूला चिकटवतात. सगळी चूक मग एकाच बाजूच्या माथी पडते आणि त्या बाजूचा शेजारी विनाकारण भरडला जातो. आधी आतल्या कोनांची बेरीज पाहा. चौकोनी जागेत ती ३६० अंश, पाच कोपऱ्यांच्या जागेत ५४० अंश यायला हवी. शेवटच्या आणि पहिल्या बिंदूतला फरक थोडा असेल तर बाउडिचच्या पद्धतीने तो बाजूंच्या लांबीच्या प्रमाणात वाटा. फरक मोठा असेल तर कुठलं तरी एक माप चुकलेलं आहे. ते शोधायला पुन्हा जागेवर जावंच लागतं.

इमारतीला आपण आपलेच काटकोन बहाल करतो, ही चूकही याच जातीची. जुनं घर १२ बाय ९ मीटर, म्हणून रेक्टँगल काढून मोकळे. काटकोन असता तर दोन्ही कर्ण बरोबर १५ मीटर आले असते. जागेवर ते १५.२० आणि १४.८० भरले, तर घर दीड अंशाहून जास्त कललेलं आहे आणि नऊ मीटरच्या बाजूचं टोक पाव मीटर सरकलेलं आहे. बाजूचं सामासिक अंतर (इमारत आणि हद्द यांच्यातली मोकळी जागा) दीड मीटर दाखवायचं असताना हा पाव मीटर फार मोठा. म्हणून कर्ण मोजल्याशिवाय घराची मापं पूर्ण झाली असं समजू नका. माप भिंतीच्या बाहेरून घेतलं की आतून, गिलाव्यासकट की जोत्यावर, हेही त्याच वेळी लिहून ठेवा. कोपऱ्यापर्यंतची अंतरं दोन खुणांपासून घेतली असतील तर दोन वर्तुळं काढून छेद घ्या. छेद दोन मिळतात. खरा कोणता, हे तिसऱ्या खुणेपासूनचं अंतर सांगतं.

रोव्हरचे बिंदू आणि टेपची मापं

रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून बिंदू टिपणारं यंत्र, घेऊन विदर्भात काम करणाऱ्यांनी यूटीएमचा झोन (पट्टा) तपासलाच पाहिजे. ७८ अंश रेखांशावर यूटीएमचा झोन बदलतो: अमरावती ४३ मध्ये, वर्धा आणि नागपूर ४४ मध्ये. शिवाय यूटीएममधलं अंतर हे जमिनीवरचं अंतर नसतं. ७५ अंशांच्या मध्य रेखांशाजवळ, उदाहरणार्थ अहिल्यानगरच्या आसपास, नुसत्या प्रक्षेपामुळे, म्हणजे गोल पृथ्वी सपाट ग्रिडवर उतरवल्यामुळे, १०० मीटरमागे सुमारे ४ सेंटिमीटर कमी भरतात. छोट्या प्लॉटला हे चालून जातं. लांबलचक लेआउटमध्ये रोव्हरची हद्द आणि टेपने मोजलेले रस्ते एकत्र केले की प्लॉट बसेनासे होतात. तेव्हा कुणीतरी शेवटच्या प्लॉटचं माप कापतं.

हद्द आणि कुंपण या दोन वेगळ्या रेघा आहेत

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याची. टोटल स्टेशनने कंपाउंड वॉल टिपलेली असते आणि ड्राफ्ट्समन तीच जाड रेघेने काढून तिला प्लॉटची हद्द असं नाव देतो. भिंत ही वहिवाट झाली, म्हणजे प्रत्यक्ष वापराची रेघ. हद्द भूमी अभिलेखच्या मोजणीतून, क प्रतीवरून (मोजणीच्या अधिकृत नकाशावरून) आणि जागेवर कायम केलेल्या खुणांवरून ठरते. दोन्ही वेगवेगळ्या लेयरवर काढा, वेगवेगळ्या रेघेने दाखवा आणि मधल्या फटीचं माप स्पष्ट लिहा. भिंत ४० सेंटिमीटर आत असेल तर ते मालकाला नकाशावर दिसलं पाहिजे, शेजाऱ्याच्या बाजूला सरकलेली असेल तर तेही.

क्षेत्राच्या बाबतीतही असाच मोह होतो. सातबाऱ्यावर १२ आर आहे, म्हणजे १२०० चौरस मीटर. मालक त्याला १२ गुंठे म्हणतो, म्हणजे १२१४ चौरस मीटर. आणि पॉलीलाइन दाखवते ११८६. अशा वेळी एखादा कोपरा अलगद सरकवून १२०० करणं सोपं असतं, आणि ते करायला सांगणारेही भेटतात. तसं करू नका. नकाशावर अभिलेखाप्रमाणे १२००, प्रत्यक्ष मोजणीप्रमाणे ११८६ असं दोन्ही लिहा, मोजणीची तारीख टाका आणि कोणता कोपरा कशावरून घेतला ते बाजूला नोंदवा.