पुण्याच्या आसपास निसर्गाचे फोटो काढताना या चुका टाळा

‘फोटो काढायला कुठं जाऊ?’ हा प्रश्न मला दर शनिवारी कुणीतरी विचारतं. पुणेकराला जागांची वाण नाही. तासाभरात सिंहगड, दीड-दोन तासांत ताम्हिणी, सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटरवर भिगवण, आणि घरातून चालत जाता येईल अशी एखादी टेकडी. तरीही फोटो फसतात. बहुतेक वेळा जागा बरोबर असते, वेळ चुकलेली असते.

ही चूक मी स्वतः केली आहे. सिंहगडावरून तोरण्याच्या जवळ मावळणाऱ्या सूर्याचा फोटो पाहिला आणि मे महिन्यात ट्रायपॉड घेऊन गडावर गेलो. सूर्य मावळला तो पार उजवीकडं, तोरण्यापासून कितीतरी लांब. पुण्यात सूर्य डिसेंबरच्या अखेरीस पश्चिमेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. म्हणजे सहा महिन्यांत क्षितिजावर तो ५० अंश सरकतो. सिंहगडावरून तोरणा नैऋत्येला दिसतो, त्यामुळे सूर्य त्याच्याजवळ येतो तो डिसेंबरमध्ये. मोबाइलवर सूर्याची दिशा दाखवणारी अॅप्स आहेत. निघण्याआधी दोन मिनिटं त्यावर घालवली असती तर माझी ती संध्याकाळ वाचली असती.

ताम्हिणीत लेन्स धूसर होते ती का?

पावसाळ्यात सगळ्यात जास्त फोटो इथंच वाया जातात. पौडपर्यंत गाडीत एसी लावून बसायचं, मुळशीच्या पुढं धुकं दिसलं की धावत उतरून कॅमेरा काढायचा. थंड काचेवर बाहेरची दमट हवा लागते आणि लेन्सवर बाष्प धरतं. मग आपण रुमालानं पुसतो, ते पुन्हा धरतं आणि वर रुमालाचे फराटे उमटतात. उपाय साधा आहे. घाट सुरू होण्याच्या अर्धा तास आधी एसी बंद करा, काचा खाली करा आणि कॅमेरा बॅगेतच राहू द्या. बॅगेसकट तो हळूहळू बाहेरच्या हवेच्या तापमानाला येतो. तरीही बाष्प धरलंच तर पुसत बसू नका, दहा मिनिटं थांबा. आणि त्या हवेत लेन्स बदलू नका, ओल थेट सेन्सरपर्यंत जाते.

धुक्याचा फोटो राखाडी, मळकट येतो अशी तक्रार सगळेच करतात. कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या पांढऱ्याला मधल्या राखाडीत ओढतो, म्हणून तसं होतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) अधिक एकपर्यंत न्या आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, पाहून ठरवा. ऑटोफोकस पुढं-मागं घरंगळत राहिला तर जवळच्या झाडाच्या काळ्या खोडावर फोकस धरा, नाहीतर मॅन्युअलवर जा.

धबधब्याचं पाणी रेशमासारखं दिसावं म्हणून काही जण अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, थेट एफ २२ पर्यंत बंद करतात. शटर मंदावतं हे खरं, पण इतक्या लहान छिद्रातून प्रकाश वाकतो आणि अख्खा फोटो सॉफ्ट होतो. एफ ८ ते ११ वर थांबा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ठेवा, हवा असेल तर एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, लावा. अर्धा ते एक सेकंद पुरतो. त्याहून जास्त वेळ दिला की पाण्याचा पोत जातो आणि नुसता कापूस उरतो. माझं वैयक्तिक मत विचाराल तर एकच फिल्टर घ्यायचा असल्यास पोलरायझर घ्या. ओल्या पानांवरची पांढरी चकाकी तो काढून टाकतो आणि सह्याद्रीचा खरा हिरवा रंग खालून वर येतो. दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश कमी होतो, तेवढा सोसावा लागतो. व्हाइट बॅलन्स ‘क्लाउडी’वर ठेवलात तर हिरव्यात शिरणारी निळसर झाकही जाते.

प्रवाहात ट्रायपॉड रोवून उभं राहण्याचा मोह मात्र आवरा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वरच्या डोंगरात तो कोसळत असतो. नितळ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला, की ट्रायपॉड तिथंच सोडून काठ गाठा. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन अनेक धबधब्यांवर मनाई आदेश काढतं, निघण्याआधी ते तपासा.

भिगवणचे रोहित

उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात, पट्टकदंब ही रानहंसं येतात, आणि पुण्याहून मोठमोठ्या लेन्स घेऊन आपणही जातो. पहिली चूक उशिरा पोचण्याची. दहा वाजून गेले की पाण्यावरची हवा तापते, लहरू लागते आणि लांबचा पक्षी विरघळल्यासारखा दिसतो. लोक लेन्सला दोष देतात, कॅलिब्रेशन करून आणतात. लेन्स चांगलीच असते. त्या तापलेल्या हवेवर कुठल्याही महागड्या काचेचा उपाय नाही. उजाडताना पाण्यावर असलं पाहिजे, म्हणजे पुण्यातून पहाटे चारच्या आत निघायचं किंवा आदल्या रात्री काठावरच्या कुंभारगावात मुक्काम करायचा.

दुसरी चूक होडीत ट्रायपॉड लावण्याची. होडी हलते, तिच्याबरोबर ट्रायपॉडही हलतो. कॅमेरा हातात धरा, कोपर गुडघ्यावर टेकवा आणि शटर १/१००० सेकंदाहून मंद होऊ देऊ नका. गडद पाण्यापुढं पांढरा पक्षी असेल तर पिसं जळतात, म्हणजे तपशील जाऊन नुसती पांढरी येतात, तेव्हा एक्स्पोजर थोडं उणे करा.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त टोचते. ‘दादा, होडी जरा आत घाला ना, थवा उडू दे.’ नावाडी नाइलाजानं ऐकतो, कारण गिऱ्हाईक आपण असतो. चरणारा थवा उठवला की त्यांची खाण्याची वेळ आणि लांबच्या प्रवासासाठी साठवलेली ताकद दोन्ही वाया जातात. उडणारे रोहित हवेत तर थांबा. पक्षी आपणहून उडतात आणि तेव्हाच त्यांची रांग सुंदर दिसते. भीतीनं उडालेल्या थव्याचा फोटो ओळखू येतो, सगळ्यांची पाठ आपल्याकडं असते.

पाऊस भरपूर झाला असेल तर फुगवट्याचं पाणी उशिरापर्यंत ओसरत नाही. रोहितांना उथळ चिखल लागतो, म्हणून ते उशिरा जमतात. गावातल्या नावाड्याला फोन करून पाणी किती आहे हे आधी विचारा.

राजमाचीचे काजवे

मेअखेर ते जूनचा मोठा पाऊस सुरू होईपर्यंत, एवढाच हंगाम. हजारो ठिपक्यांचे जे फोटो आपण पाहतो ते बहुधा एका क्लिकचे नसतात. ट्रायपॉड न हलवता वीस-तीस सेकंदांचे कितीतरी फोटो काढून ते एकावर एक रचलेले असतात. हे माहीत नसलं की पहिल्या काळ्याकुट्ट फोटोनंच माणूस हिरमुसतो. फोकस संधिप्रकाशातच झाडावर लावून मॅन्युअलला टाका. फ्लॅश आणि टॉर्च पूर्ण बंद. काजव्याचा नर लुकलुकून मादीला साद घालतो आणि आपला उजेड ती साद बुडवतो. चांदण्या रात्री जाऊ नका.

शहरातल्या टेकड्या

वेताळ टेकडीवरून शहराचा फोटो फिकट येतो, विशेषतः हिवाळ्यातल्या सकाळी. थंड हवा खाली बसते आणि धूर, धूळ तिच्यातच कोंडते. एडिटिंगमध्ये धूसरपणा काढणारं ‘डीहेझ’ ओढून आकाश काळंनिळं करण्यापेक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सर येऊन गेल्यावरचा तास गाठा. तेव्हा लांबच्या डोंगररांगा कापून काढल्यासारख्या दिसतात. हिवाळ्यात त्याच टेकडीवर लांबचं सोडा, जुन्या खाणीतलं पाणी आणि सोनेरी गवत पाहा.

ड्रोनबद्दल थोडक्यात. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, खडकवासल्याच्या पलीकडच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) आहे. ‘पाच मिनिटंच उडवतो’ असं म्हणून चालत नाही. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या नकाशावर आपली जागा लाल, पिवळी की हिरवी हे बघूनच ड्रोन पिशवीतून बाहेर काढा.

आणि घाटातून घरी आल्यावर ओली बॅग तशीच कपाटात ठेवू नका. पुण्याच्या पावसाळ्यात लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि ती साफ करायला लेन्स उघडावी लागते. सगळं बाहेर काढून पंख्याखाली पसरा, मग सिलिका जेल टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तांदळात ठेवू नका, त्याचं पीठ झूमच्या फटीत शिरतं. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा कोरडं करायचं, जुलैमध्ये तर दर आठ-दहा दिवसांनी.