दुबईला निघताना हातखर्चाची तयारी, आणि डिपॉझिटचं सगळ्यात आधी

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही सहा जण दुबईला गेलो होतो, मी, बायको, दोन पोरं आणि आई-बाबा. खर्च मी नीट वहीत मांडला होता, खाणं, फिरणं, टॅक्सी, खरेदी सगळं, आणि तरी पहिल्याच रात्री हातातले निम्मे पैसे गेले. आता मामेभाऊ निघालाय घरच्यांना घेऊन. परवा नाशिकच्या कॉलेज रोडला चहा पिता पिता त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हे कुणीच आधी सांगत नाही.

पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यावर मी बोलत नाही, ते तुम्ही करालच.

पहिलं काम, हॉटेलला मेल टाकून विचारा की चेक-इनला सिक्युरिटी डिपॉझिट किती, रूममागे की रात्रीमागे, आणि कॅश घेता की कार्डावर ब्लॉक करता. बुकिंगचे पैसे पूर्ण भरले म्हणजे हॉटेलचा विषय संपला असं मी धरून चाललो होतो. रात्री साडेअकराला रिसेप्शनवर पोचलो, पोरं सोफ्यावर झोपलेली, आणि समोरचा मुलगा म्हणाला रूममागे ५०० दिरहम डिपॉझिट. दोन रूम म्हणजे १०००. क्रेडिट कार्ड दिलं तर लिमिट विमानाच्या तिकिटांतच संपलेलं, मग आईने पर्समधनं पाकीट काढलं आणि शंभराच्या दहा नोटा काउंटरवर मोजून दिल्या. वर टुरिझम दिरहम म्हणून वेगळा कर असतो, रूममागे दर रात्री ७ ते २० दिरहम, हॉटेलच्या स्टारप्रमाणे. आमचं फोर स्टार, १५ दिरहम, दोन रूम, चार रात्री, झाले १२०. आम्ही एकूण २२०० दिरहम कॅश नेली होती, पोचल्यावर तासाभरात १०८० उरले. हे डिपॉझिट परत मिळतं, पण मिळतं शेवटच्या दिवशी, म्हणजे फिरून झाल्यावर. दुबई मरीनाची बोटीची सफर रद्द करावी लागली, पोरं निघायच्या आधी वर्षभर त्याच्याच गप्पा मारत होती.

म्हणून वहीत तीन कप्पे करा: आधीच भरलेलं, तिथे खर्च होणारं, आणि तिथे अडकणारं. हा तिसरा कप्पा माझ्या वहीत नव्हता. डिपॉझिटसाठी एक क्रेडिट कार्ड पूर्ण मोकळं ठेवा, त्यावर तिकीट नाही, बुकिंग नाही, काहीच नाही. क्रेडिट कार्डावर फक्त लिमिट अडकतं, डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड (परदेशी चलन आधीच भरलेलं कार्ड) दिलंत तर तुमचे खरेच पैसे अडकतात आणि सुटायला बरेच दिवस लागू शकतात. आणि कार्डाचं परदेशी वापराचं बटण बँकेच्या अ‍ॅपमध्ये चालू करा, मार्च २०२० पासून नवीन कार्ड येतात ती फक्त भारतात चालणारी असतात. नाशिकमध्ये घरी बसून करा, तिथे रिसेप्शनवर ओटीपीची वाट बघत उभं राहू नका.

टूर कंपनीकडून पॅकेज घेणार असाल तर बिलात टीसीएस, म्हणजे कंपनीने आधीच गोळा केलेला आयकर लागतो, तो रिटर्न भरताना वळता होतो पण आत्ता खिशातूनच जातो, त्यामुळे तोही मोजा.

कॅश किती न्यायची? आम्हाला माणशी दिवसाला साधारण ८० दिरहम खाण्या-फिरण्याला पुरले असते, तिकिटं सोडून. मीना बाजार आणि करामाला आपलं शाकाहारी जेवण स्वस्तात मिळतं, मॉलमध्ये जेवलात तर गणित कोलमडतं. मेट्रोचं नोल कार्ड घ्या. देरा ते बर दुबई लाकडी अब्रा होडीने एक दिरहमात जाता येतं, बाबांना अख्ख्या ट्रिपमध्ये तेच सगळ्यात आवडलं. एअरपोर्टच्या टॅक्सीचं मीटरच २५ दिरहमपासून सुरू होतं. बुर्ज खलिफाचं तिकीट इथूनच काढा, सूर्यास्ताची वेळ सगळ्यात महाग, सकाळची घ्या.

दिरहम इथेच अधिकृत मनी चेंजरकडून घ्या, पॅन कार्ड लागतं, आणि ५०,००० रुपयांच्या वर असेल तर रोख चालत नाही, बँकेतूनच द्यावे लागतात. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, एमजी रोडला एका दुकानातून दुसऱ्यात गेलो तरी फरक पडतो. शंभराच्या आणि दहाच्या नोटा मागा. सगळं एका पाकिटात ठेवू नका आणि डिपॉझिटचं पाकीट, कॅश द्यायची वेळ आलीच तर, पूर्ण वेगळं, त्यावर पेनाने लिहून. ते पाकीट खरेदीला उघडायचं नाही.

नाशिकचा चिवडा न्या, पण खसखस लावलेले अनरसे अजिबात नको, तिकडे खसखशीवर बंदी आहे.

तिथे कार्ड घासताना मशीनवर रुपये की दिरहम विचारतं, दिरहमच दाबा, रुपयांत भाव वाईट लावतात. क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढू नका, व्याज त्याच दिवसापासून. सोनं घ्यायचं असेल तर आधी ड्युटी बघा, दागिन्यांची ड्युटी-फ्री सवलत वर्षभराहून जास्त परदेशात राहिलेल्यांना असते, चार दिवसांच्या पर्यटकाला नाही. सोबत सोन्याची हौस असलेली मावशी असेल तर तिला हे इथेच सांगून टाका.

खरेदीवर ५ टक्के व्हॅट आहे, बिल २५० दिरहमच्या वर असेल तर दुकानातच टुरिस्ट रिफंड मागा, पासपोर्ट दाखवून.

चेक-आउटला डिपॉझिटची पावती हातात ठेवून अर्धा तास आधी खाली या, मिनीबारची चूक असेल तर तिथेच बोला. कार्डावर ब्लॉक असेल तर सोडल्याचा मेल घ्या आणि घरी आल्यावर अ‍ॅपमध्ये बघत राहा. कॅश परत मिळाली तर एअरपोर्टवर बदलू नका, आम्ही बदलले आणि भाव फार पडला, पाकिटात ठेवून घरी आणा. मुंबई एअरपोर्ट ते नाशिक गाडीचे आणि टोलचे रुपये वेगळे ठेवा, रात्री दोनला उतरलात तर तेवढेच लागतात.