ऑडॅसिटी अपडेट झाली आणि लेहरा फिरेना

मी मिरजेत तबला शिकवते. माझ्याकडची मुलं घरी रियाज करतात ती मी पाठवलेल्या लेहऱ्यावर, म्हणजे तालाला धरून सतत फिरत राहणाऱ्या छोट्या धुनेवर, आणि तो लेहरा मी ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करून कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करते. पेटीवर एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, नीट वाजवून घ्यायचं, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) कापायचं, फिरत ठेवायचं. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं, त्यामुळे शिकवणारे बरेच जण तेच वापरतात. यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं २.४.२ या आवृत्तीवर सुखात असतात. मग एक दिवस लॅपटॉप बदलतो, भाचा नवीन आवृत्ती टाकून देतो, आणि मला फोन येतो: ‘ताई, ते डावी-उजवीकडचे बाण असलेलं बटण गेलं की हो!’

गेलंच आहे ते. मार्च २०२१ मध्ये ३.० आली तेव्हा फाइल ठेवायची पद्धत बदलली. त्याच वर्षी ३.१ आली, तिनं बाणाचं हत्यार काढलं आणि लूपची, म्हणजे तुकडा फिरत ठेवायची, रीत बदलली. २०२२ च्या ३.२ नंतर इफेक्टची यादी वेगळ्या गटांत लागली, २०२३ च्या ३.४ मध्ये एक्स्पोर्टची खिडकी नवी झाली. एकेक आवृत्ती घेत आलेल्याला हे जाणवत नाही. २.४.२ वरून थेट उडी मारणाऱ्याला मात्र सगळं घरच हलवल्यासारखं वाटतं.

खाली सांगते ते विंडोजवरचं आहे. बटण शोधत बसण्याआधी त्या बटणाकडून आपण नेमकं कुठलं काम करून घेत होतो ते आठवा. काम बहुतेक वेळा शिल्लक असतं, त्याचं नाव आणि जागा बदललेली असते.

सगळ्यात जास्त अडतं ते लूपवर, म्हणून तिथून सुरुवात. पूर्वी तुकडा निवडून शिफ्ट-स्पेस दाबलं की तो फिरत राहायचा. आता तसं होत नाही. आता लूपचा पट्टा निवडीपासून वेगळा असतो आणि तो वर वेळेच्या पट्टीवर दिसतो. तुमचा तुकडा निवडा, शिफ्ट-एल दाबा, म्हणजे निवडीइतकाच लूपचा पट्टा तयार होईल. मग नुसतं एल दाबलं की लूप चालू, पुन्हा एल दाबलं की बंद. प्ले-स्टॉपच्या रांगेत गोल बाणांचं बटण आहे, तेही हेच करतं. सुरुवातीला हा द्राविडी प्राणायाम वाटतो. पण लेहरा फिरत असताना बाजूला दुसरा तुकडा निवडून काम करता येतं, पूर्वी ते जमत नव्हतं. हा बदल मला पटला.

लूप अचूक हवा तर तो डोळ्यांनी कापू नका, हिशोबानं कापा. लय ६० असेल, म्हणजे मिनिटाला ६० मात्रा, तर १६ मात्रांच्या तीनतालाचं आवर्तन १६ सेकंदांचं. ८० च्या लयीला १२ सेकंद, १६० ला ६ सेकंद. १० मात्रांचा झपताल ६० ला १० सेकंद. खालच्या सिलेक्शनच्या पट्टीत ‘सुरुवात आणि लांबी’ असा पर्याय निवडला की लांबीच्या घरात थेट १२ सेकंद टाकता येतात. सुरुवात मात्र कानानं आणि डोळ्यानं ठरवायची. कंट्रोल-ई दाबून निवडलेला भाग मोठा करा, समेच्या सुराचा उठाव जिथं सुरू होतो तिथं कर्सर ठेवा. शेवटी झेड दाबा. निवडीची दोन्ही टोकं लाट शून्याला छेदते त्या जागी सरकतात, त्यामुळे समेवर ‘टक्’ असा आवाज येत नाही. यानं लांबी अगदी किंचित बदलते. बदलू दे. वाजवणारा लेहऱ्याच्या मागून जातो, घड्याळाच्या नाही.

वेळेच्या पट्टीवर सेकंदांऐवजी बार आणि बीट दिसायला लागले असतील तर घाबरू नका, ३.३ पासून ती सोय आली आहे. पट्टीवर राइट-क्लिक करून मिनिटं-सेकंद परत आणता येतात. मी मात्र सात मात्रांच्या रूपकाच्या वेळी बार-बीट मुद्दाम चालू करते. टाइम सिग्नेचरच्या वरच्या घरात ७ टाकलं की एक बार म्हणजे एक आवर्तन. झपतालाला ५ टाकायचे आणि दोन बार धरायचे.

आता ते बाणाचं बटण. त्याचं नाव टाइम शिफ्ट टूल, एफ-५ दाबलं की यायचं. आपण ते वापरायचो दोन ट्रॅकची सम जुळवायला: खाली मुलाचा तबला, वर लेहरा, एक ट्रॅक धरून सरकवायचा. ३.१ पासून प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर नावाची एक अरुंद पट्टी असते. माउस तिथं नेला की हाताचा पंजा दिसतो, धरा आणि ओढा. हत्यार बदलायची गरजच उरली नाही. दोन-तीन ट्रॅक एकदम सरकवायचे तर आधी ते सगळे निवडून घ्या आणि मग त्यातल्या एकाची पट्टी ओढा.

याची दुसरी बाजूही आहे. तुकड्याची कडा धरून ओढली की तो आता छाटला जातो. ३.४ पासून ऑल्ट दाबून कडा ओढली की तो ताणला जातो, म्हणजे लयच बदलते. सरकवायला गेलं आणि लेहरा आखूड झाला, तर बहुधा पट्टीऐवजी कडा हातात आली असते. कंट्रोल-झेड. छाटलेला भाग पुसला जात नाही, नुसता झाकला जातो, त्यामुळे कडा उलट ओढली की तो परत दिसतो. छाटूनही फाइलचा आकार कमी होत नाही तो याचमुळे.

भिंगाचं बटणही टूलबारवरून गेलं. कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवा, किंवा कंट्रोल-१ नं मोठं, कंट्रोल-३ नं लहान, कंट्रोल-एफ नं सगळं एकदम समोर. याबद्दल फार हळहळण्यासारखं काही नाही.

लय आणि सुराची पट्टी बदलणारे इफेक्ट आता ‘पिच अँड टेम्पो’ या गटात मिळतील. गट नकोत, जुनी सरळ यादी हवी, तर प्रेफरन्सेसमध्ये इफेक्ट्सच्या पानावर यादी नावाच्या क्रमानं लावायची सोय आहे. काळी एकचा लेहरा पेटीवरच्या लगेच पुढच्या पांढरी दोनला हवा असेल तर चेंज पिचमध्ये एक सेमीटोन, म्हणजे एक पट्टी वर. ३.५ पासून तुकडा निवडून ऑल्ट आणि वरचा बाण दाबला तरी तेवढंच होतं. चेंज टेम्पोमध्ये आधीची आणि नंतरची लय टाकायची घरं अजून आहेत. ६० वरून ८० न्यायचं तर टक्के मोजत बसू नका, त्या घरांत आकडे भरा. दरवेळी मूळ रेकॉर्डिंगवरूनच ताणा. ६० चा ८०, त्या ८० चा १०० असं करत गेलं तर पेटीचा आवाज चिरकत जातो. ६० चा थेट १६० तर करूच नका, ऐकवत नाही. विलंबित, मध्य आणि द्रुत असे तीन लेहरे वेगवेगळे वाजवून घ्या आणि प्रत्येकाच्या आसपासच्या लयी त्यातून काढा. द्रुत लेहरा वाजवणाऱ्याचा हातही वेगळा पडतो, तो यंत्राला येत नाही.

मुलांना पाठवताना एका आवर्तनाची एमपी३ कधीच पाठवू नका. एमपी३ तयार होताना पुढं-मागं थोडी शांतता चिकटते, आणि मोबाइलवर ती फाइल फिरवली की दर समेच्या आधी लेहरा अडखळतो. नेमक्या समेला अडखळणारा लेहरा ऐकून मुलाची लय बिघडते ती बिघडते, वर तो त्या खड्ड्याची सवय करून घेतो. ऑडॅसिटीतच रिपीट इफेक्ट लावा. त्यात आणखी किती वेळा हवं ते विचारतात. १२ सेकंदांच्या आवर्तनाला ९९ टाकलं की एकूण १०० आवर्तनं, म्हणजे वीस मिनिटं झाली. मोनो आणि ६४ केबीपीएसला ही फाइल साधारण दहा एमबीची होते. पेटीच्या लेहऱ्याला तेवढं पुरतं.

मी ६०, ८०, १०० अशा लयी एकाच प्रोजेक्टमध्ये एकापुढे एक ठेवते आणि प्रत्येक भाग निवडून कंट्रोल-बी नं लेबल लावते: ‘तीनताल ८० काळी एक’. पूर्वी मग कंट्रोल-शिफ्ट-एल, म्हणजे एक्स्पोर्ट मल्टिपल. ही आज्ञा मेनूत सापडत नाही म्हणून लोक एकेक भाग निवडून काढत बसतात. ती ३.४ पासून साध्या एक्स्पोर्टच्या खिडकीत मिसळली आहे. कंट्रोल-शिफ्ट-ई दाबा, खिडकीत ‘मल्टिपल फाइल्स’ निवडा, आणि फाइली ट्रॅकनुसार हव्यात की लेबलनुसार ते सांगा. आपल्याला लेबलनुसार. नावाआधी क्रमांक लावायची सोयही तिथंच आहे. ती वापरा, म्हणजे मोबाइलवर फाइली लयीच्या क्रमानं लागतात. गायक-वादकाचं नाव भरायची खिडकी पूर्वी आपणहून समोर यायची, आता त्याच ठिकाणी मेटाडेटाचं बटण आहे.

बोटांना बसलेल्या जुन्या कळा सोडवत नसतील तर प्रेफरन्सेसमध्ये कीबोर्डचं पान उघडा. तिथं कुठल्याही आज्ञेला आपली कळ देता येते, आणि सगळी जुळवणी एका फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवता येते. पुढच्या अपडेटआधी ती फाइल काढून ठेवली की काम सोपं.

इतकं करूनही २.४.२ च हवी, तर नवी काढून टाकायची गरज नाही, दोन्ही शेजारी ठेवता येतात. गिटहब या साइटवर ऑडॅसिटीच्या स्वतःच्या पानावर जुन्या आवृत्त्या आहेत, तिथूनच घ्या. भलत्या साइटवरून नको. झिपमधली आवृत्ती उतरवा, वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा आणि आत इंग्रजीत ‘पोर्टेबल सेटिंग्ज’ या नावाचं एक रिकामं फोल्डर करा. त्यामुळे तिची जुळवणी तिच्यापाशीच राहते, नवीच्या जुळवणीत मिसळत नाही.

मात्र एक वाट एकेरी आहे. जुना प्रोजेक्ट म्हणजे ‘.एयूपी’ फाइल आणि तिच्या शेजारचं ‘_डेटा’चं फोल्डर, ज्यात आवाजाचे शेकडो छोटे तुकडे असतात. नवी आवृत्ती हा प्रोजेक्ट उघडते आणि सगळं एकाच ‘.एयूपी३’ फाइलमध्ये ठेवते. ही नवी फाइल २.४.२ मध्ये उघडत नाही. म्हणून फाइल आणि फोल्डर दोन्हींची प्रत आधी वेगळ्या डिस्कवर ठेवा, मग नवीत उघडा, नव्या नावानं सेव्ह करा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा ऐका. नुसती ‘.एयूपी’ पेनड्राइव्हवर आणून ‘ताई, आवाजच नाही’ म्हणणारे खूप भेटतात. त्या फाइलमध्ये आवाज नसतोच, तो फोल्डरमध्ये असतो.

प्रोजेक्ट उघडा असताना ‘.एयूपी३’ च्या शेजारी ‘-वॉल’ अशी शेपटी लावलेली फाइल दिसेल. तिला हात लावू नका आणि त्या वेळी प्रोजेक्टची प्रतही काढू नका. ऑडॅसिटी बंद केल्यावर काढा. एक तासाचं स्टिरिओ रेकॉर्डिंग ३२ बिटमध्ये सव्वा जीबीच्या आसपास जातं आणि फॅट-३२ पेनड्राइव्हवर एक फाइल चार जीबीच्या पुढं जाऊ शकत नाही, तेव्हा काम लॅपटॉपच्या डिस्कवरच करा.

पक्का झालेला प्रत्येक लेहरा मी वेव्हमध्येही काढून ठेवते, नावात ताल, लय आणि पट्टी घालून. ती फाइल २.४.२ मध्ये उघडते, नव्या आवृत्तीत उघडते आणि दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्येही उघडते.