तांबट दिसेपर्यंत : घराजवळचा वसंत कसा बघावा

बडोद्यात वसंत बघायला कुठं जावं, असं दर फेब्रुवारीत मला कुणीतरी विचारतं. मग शेजारी बसलेला दुसरा कुणीतरी लगेच पावागड, जांबुघोडा अशी नावं सांगतो. तिकडचा फुललेला पळस बघण्यासारखाच असतो, जरूर जा. पण ती एका दिवसाची सहल झाली. वसंत दोन-अडीच महिने चालतो आणि त्यातलं बरंचसं तुमच्या सोसायटीच्या कंपाउंडमध्ये, दूध आणायच्या वाटेवर घडून जातं. ते बघायचं कसं, एवढंच मी इथं सांगणार आहे. दुर्बीण कोणती, टोपी कोणती, फोनमध्ये कोणतं अ‍ॅप, याच्या लांबलचक याद्या देणारा सल्ला आधी बाजूला ठेवा. त्या याद्यांपायी माणसं खरेदी करतात आणि झाडाखाली उभी राहत नाहीत.

एकच झाड धरा

घरापासून पन्नास-साठ पावलांत असेल ते. पाच बागा आणि एक तलाव असं फिरणाऱ्याला पक्ष्यांची फक्त नावं मिळतात. एका झाडाला महिनाभर चिकटून राहिलेल्याला त्यांचं वागणं कळतं. निवडायला वाव असेल तर काटेसावर किंवा पांगारा घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही झाडं पानं गाळून फुलतात, त्यामुळे फुलावर आलेलं काहीही लपत नाही. काटेसावरीच्या एका जाडजूड लाल फुलात मध इतका असतो की साळुंक्या, कावळे, बुलबुल, खारी सगळेच तोंड बुडवून जातात. सावर नसेल तर शेवगा चालेल. लाल फळांनी लगडलेला वड मिळाला तर दुसरं काही शोधूच नका. आपल्या शहराचं नावच वडावरून पडलेलं आहे आणि कमाटीबागेत अजून मोठाले वड उभे आहेत. राखी धनेश, म्हणजे मोठ्या वाकड्या चोचीचा पक्षी, बघायचा असेल तर वड पिकला की तिथं जावं.

वेळ सूर्योदयानंतरचा पहिला तास. मार्चच्या मध्यात बडोद्याला पावणेसातच्या सुमारास सूर्य उगवतो. रोज वीस मिनिटं पुरेत, पण रोज.

आवाज येतो, पक्षी दिसत नाही

बहुतेक जण इथं सोडून देतात. मी स्वतः तीन वसंत इथंच अडकले होते.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यामागे फेब्रुवारी लागला की सकाळपासून टुक् टुक् टुक् सुरू व्हायचं, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसं. मराठीत त्या पक्ष्याला तांबट म्हणतात ते यामुळेच. आमचे गुजराती शेजारी कंसारा म्हणायचे, अर्थ तोच. आवाज इतका स्पष्ट की हात लांबवला तर सापडेल. मी गच्चीवर जायची, आवाज पिंपळातून येतोय असं ठरवायची आणि धावत पिंपळाखाली पोचायची. तिथं पोचलं की तो समोरच्या कडुनिंबातून यायचा. तिकडे वळलं की थांबायचा. तीन वर्षं मी समजत होते की हा सारखा उडून जागा बदलतो. तो जागचा हलतच नव्हता.

तांबट ओरडताना डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवतो. तोंड आपल्याकडे असलं की आवाज जवळचा वाटतो, पलीकडे वळलं की दुसऱ्याच झाडातला. त्यातून त्याची चोच ओरडताना मिटलेली असते. गळ्याच्या दोन्ही बाजूंची उघडी कातडी दर टुक् ला फुगते आणि बसते. म्हणून गाणाऱ्या पक्ष्यासारखी उघडी चोच शोधत बसलात तर तो कधीच सापडायचा नाही. लय मात्र ठरलेली. मिनिटाला १०८ ते १२१ टुक्, आणि एका दमात दोनशेच्या वर जाऊ शकतात. एवढा वेळ तो आपल्याला देतो. तो वेळ धावण्यात घालवायचा नाही.

आता काय करायचं ते नीट ऐका. आवाज आला की आहात तिथेच थांबा. सूर्य पाठीशी आहे ना, ते आधी बघा. सकाळी याचा अर्थ झाडाच्या पूर्वेला उभं राहायचं. उजेडाकडे तोंड करून बघणाऱ्याला आकाशापुढे सगळे पक्षी काळेच दिसतात आणि मग तो 'काहीतरी छोटं काळं होतं' असं सांगत घरी जातो. पक्षी दाखवणाऱ्या कितीतरी जाणत्या मंडळींनी मला ही गोष्ट कधी सांगितली नाही, याचा मला अजून राग येतो.

मग आवाज ज्या दिशेने वाटतो त्या दिशेला हात करा आणि त्या रेषेत काय काय येतं ते लक्षात ठेवा : टाकी, विजेचा खांब, तिसऱ्या घराचं झाड. त्यानंतर सावकाश वीसेक पावलं बाजूला सरका. पुढे नाही, बाजूला. तिथून पुन्हा हात करा. दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे तांबट आहे. बहुतेक वेळा ती जागा तुम्ही धरलेल्या झाडाच्या बरीच पलीकडे निघते, कारण हा आवाज लांबवर जातो आणि आपण नेहमी जवळचंच झाड पकडतो.

जागा कळली की दाट पानांत डोळे घालू नका. वरची, उघडी, वाळकी डहाळी बघा. सकाळी तांबट उंच झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो, पुष्कळदा जोडीने. चिमणीहून थोडा मोठा, गुबगुबीत. डोकं अंगाच्या मानाने मोठं, शेपूट आखूड. रंग शोधलात तर हिरवा असल्यामुळे फसाल. आकार शोधा, फांदीला आलेल्या गाठीसारखा. गाठ हलली की मग कपाळावरचा लाल टिळा, पिवळा गळा आणि छातीवरचा लाल पट्टा आपोआप दिसतात.

मला तो दिसला तो दिवस गुढीपाडव्याचा होता. गुळात घालायला कडुनिंबाचा मोहर काढायला मी गच्चीवर गेले होते. ऊन पाठीमागून येत होतं आणि हातात ताटली असल्यामुळे धावता येत नव्हतं. पिंपळ नाही, कडुनिंब नाही, दोन वाडे ओलांडून एका उंबराच्या शेंड्यावर तो बसला होता. तीन वर्षं त्या उंबराकडे मी मान वर करून पाहिलंच नव्हतं. खालून पूजेसाठी हाका येईपर्यंत मी तिथेच उभी होते.

दुर्बीण असेल तर एकच सवय लावा. पक्ष्यावरून नजर न काढता दुर्बीण उचलून डोळ्यांवर आणा. खाली बघून ती हातात घेतलीत की तेवढ्यात जागा हरवते. आठ पटीची पुरते. दहा पटीची हातात थरथरते आणि नवख्याला तिच्यातून झाडच सापडत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. फोनवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलावू नका. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो वाईट आहे. वसंत हा पक्ष्यांचा घरटी करण्याचा काळ. नराला वाटतं की आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. मग तो खाणं सोडून, मादीला सोडून त्या नसलेल्या पक्ष्याला शोधत फिरतो. आपल्या दोन मिनिटांच्या आनंदासाठी त्याची सकाळ खर्ची पडते.

ही पद्धत तांबटावर जमली की बाकीचे सोपे. कोकीळ दाट पानांत राहतो, म्हणून त्याला शोधायचं नाही, तो उडण्याची वाट बघायची. कुहू करणारा काळा कुळकुळीत, तो नर. ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी गप्पच बसते नाहीतर किक् किक् करत उडून जाते. फुलांतला मध पिणारा इवलासा शिंजीर तर लपतच नाही. फेब्रुवारीत नर निळा-जांभळा चमकायला लागतो. त्याआधी पिवळसर पोटावर मधोमध एक काळा पट्टा असतो. त्याच्यासाठी बाटलीत साखरेचं पाणी टांगू नका. कुंडीत अडुळसा किंवा जास्वंद लावा.

फुलं

फुलांना चिकाटी कमी लागते, मान वर करावी लागते इतकंच. आंब्याचा मोहर नुसता हुंगू नका, दोन मिनिटं जवळून बघा. तिथं मधमाश्यांपेक्षा बारीक माश्यांचीच वर्दळ दिसेल. मोहराला फळ धरायला त्यांचा मोठा हात असतो. कडुनिंबाचा वास संध्याकाळी घ्यावा.

बडोद्यातल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीत भिंतीलगत आसोपालवांची रांग असते. तिची पानं तोरणाला तोडतात, पण तिला फुलं येतात हे कितीतरी लोकांना ठाऊक नसतं. वसंतात दोन-तीन आठवडे फांद्यांवर फिकट हिरव्या, लांब, नागमोडी पाकळ्यांच्या चांदण्या लटकतात, अगदी पानांच्याच रंगाच्या. एकदा दिसल्या की दरवर्षी दिसतात. बरेच लोक याच झाडाला अशोक म्हणतात. खरा सीताअशोक वेगळा. त्याला याच दिवसांत नारिंगी गुच्छ येतात, आणि तेही थेट जुन्या फांद्यांवर.

कढीपत्त्याच्या कुंडीत पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर पुसून टाकू नका. ती लिंबाळी फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाली की हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून नारिंगी शिंगांची जोडी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. चार-सहा फांद्या तिच्या नावाने सोडून द्या. फोडणीला बाजारातून आणता येतो.

पाणी, दाणे आणि मांजा

पाण्यासाठी मातीचं उथळ भांडं, मध्ये एक दगड, पाणी रोज नवं. दाण्यांबद्दल माझं मत बऱ्याच जणांना आवडत नाही, तरी सांगते : गच्चीवर मूठ मूठ ज्वारी टाकू नका. चबुतऱ्यावर दाणे घालण्यामागची श्रद्धा मी जाणते, पण गच्चीवरच्या ज्वारीला कबुतरंच येतात, दिवसागणिक वाढत जातात आणि मग ज्यांच्यासाठी तुम्ही सकाळी उठणार आहात ते छोटे पक्षी तिकडे फिरकत नाहीत.

मांज्याकडे मात्र आपल्या शहरात सगळ्यांनीच लक्ष द्यायला हवं. उत्तरायणाचे पतंग जानेवारीच्या मध्यात संपतात, पण झाडांत अडकलेला मांजा पावसाळ्यापर्यंत तसाच लोंबत राहतो. नेमक्या त्याच दिवसांत पक्षी काड्या गोळा करतात, फांद्यांमधून वेगाने ये-जा करतात. लांब बांबूला आकडी लावा, जाड हातमोजे घाला, आपल्या झाडावर हात पोचेल तेवढा मांजा गुंडाळून काढा आणि बारीक तुकडे करून मगच कचऱ्यात टाका. तुकडे केले नाहीत तर तो दुसरीकडे कुणाच्या तरी पायात अडकतो. विजेच्या तारेजवळचा मांजा मात्र स्वतः काढू नका. अडकलेला जिवंत पक्षी सापडला तर दोरा ओढू नका, पंखात रुतलेला भाग सोडवायलाही जाऊ नका. दोन्हीकडून दोरा कापा, पक्ष्याला भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका आणि पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांना बोलवा.

 

वाळकी फांदी राहू द्या

मार्चमध्ये सोसायट्यांना साफसफाईची घाई होते आणि पहिली कुऱ्हाड वाळक्या फांद्यांवर पडते. तांबट घर करतो ते अशाच फांदीत. शेवगा, पांगारा असल्या मऊ लाकडात, आडव्या फांदीच्या खालच्या अंगाला नर-मादी मिळून गोल भोक कोरतात. खाली जमिनीवर ताजा भुसा दिसला की वर बघा.

आमच्या सध्याच्या सोसायटीत अशी एक शेवग्याची फांदी होती. मी रोज बघत होते, नर-मादीची ये-जा सुरू झाली होती. एका रविवारी मी बाहेरगावी होते. परतले तर फांदी तोडून, तुकडे करून गेटपाशी रचलेली. आतलं काय झालं हे कुणीच पाहिलं नव्हतं. तेव्हापासून मी वाट बघत नाही. फेब्रुवारीतच कमिटीला आणि माळीकाकांना भेटते, फांदी बोटाने दाखवते आणि जून संपेपर्यंत हिला हात लावू नका असं सांगते. रस्त्यावर किंवा गाड्यांवर झुकलेली असेल तर माझाही आग्रह नसतो. तशी नसेल तर चार-पाच महिने थांबायला कुणाची हरकत नसते, आधी कुणी सांगितलेलं नसतं इतकंच.

घर मिळालं की वीस पावलं दूर उभे राहा, दहा मिनिटांत निघा, भोकासमोर फोन धरू नका. नर-मादी वडाची नाहीतर उंबराची फळं घेऊन पाळीपाळीने येताना दिसतील. मग एका सकाळी भोकातून एक डोकं बाहेर डोकावेल, हिरवट, बोथट चोचीचं. कपाळावर लाल टिळा दिसणार नाही. पिल्लांना तो नंतर येतो.