घर आणि शाळेची एकच वही: विशेष गरजा असलेल्या मुलाचा अभ्यास कसा बसवावा

श्रुतलेखनात मुलाने 'केळी'चं 'केयी' आणि 'पाणी'चं 'पानी' लिहिलं, तर खानदेशात त्यावर लाल शाई ओढण्याआधी जरा थांबावं. अहिराणीत आणि लेवा गणबोलीत ळचा य होतो, णचा न होतो. मूल घरी ऐकतं तसं लिहितं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरचं पावरी किंवा भिली बोलणारं मूल पहिलीत महिनोन् महिने गप्प बसतं, तेही बऱ्याचदा भाषेमुळेच.

म्हणून सगळ्यात आधी एक चाचणी घ्या. आईने घरच्या बोलीत तीन कामांची एक सूचना द्यावी: "पाटी उचल, दारजोडे ठेव, मंग आठे बठ" (पाटी उचल, दाराजवळ ठेव, मग इथे बस). दुसऱ्या दिवशी तशीच सूचना गुरुजींनी प्रमाण मराठीत द्यावी. बोलीत जमलं आणि मराठीत अडलं, तर अडचण भाषेची आहे. त्या मुलाला बोलीतून शिकवायला सुरुवात करा, बाकी काही नको. बोलीतही ते पहिलंच काम करून थांबलं किंवा इतर पोरांकडे बघून करू लागलं, तर पुढची तपासणी हवी. ही सूचना एकदा मुलाच्या पाठीमागे उभं राहूनही द्या. ओठ दिसत असताना ऐकणारं आणि पाठीमागून न ऐकणारं मूल 'लक्ष देत नाही' म्हणून वर्षानुवर्षं बोलणी खातं, आणि दोष असतो कानात.

खरी अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असून वाचणं-लिहिणं किंवा गणित अडणं, वहीत वेगळी दिसते. एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हेने लिहिलेला असतो. भ-म, घ-ध यांची अदलाबदल दुसरी-तिसरी उलटली तरी जात नाही. काना-मात्रा गळतात, 'रस्ता'चा 'रसता' नाहीतर 'रता' होतो, फळ्यावरून उतरवताना मधली ओळच नाहीशी होते. आणि तोंडी विचारलं तर हेच पोर उत्तर फटकन देतं. तोंडी आणि लेखी यातली ही दरी हीच मुख्य खूण. मात्र अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी मिळत नाही. तोवर वाट बघत बसायचं नसतं, मदत पहिलीपासूनच सुरू करायची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आणि अंगणवाडीत येतं तेव्हा डोळे-कान तपासून घ्या, आणि त्यांनी दिलेली पुढच्या तपासणीची चिठ्ठी दप्तरात हरवू देऊ नका.

वही कशी आखायची

शाळेत एक, घरी दुसरं आणि शिकवणीत तिसरं चाललं की मूल तिन्हीकडे अडतं. शाळेत हातच्याची बेरीज एका पद्धतीने, घरी बाप दुसऱ्या पद्धतीने. शाळेत 'शू लागली'साठी खूण, घरी शब्द. यावर उपाय म्हणजे एक शंभर पानी वही, जी रोज दप्तरातून ये-जा करते. पानावर चार रकाने पाडा: काय घेतलं, किती मदत लागली, किती बरोबर आलं, उद्या काय.

दुसरा रकाना सगळ्यात कामाचा. त्यात पाचच खुणा ठेवा: हात धरून करवलं तर 'ह', करून दाखवावं लागलं तर 'दा', बोटाने दाखवलं तर 'बो', तोंडी सांगितलं तर 'तों', काहीच मदत लागली नाही तर 'स्व'. आठवडाभरात खुणा 'ह'कडून 'स्व'कडे सरकल्या पाहिजेत. दोन आठवडे एकाच खुणेवर अडलं, तर मूल आळशी झालं असं नसतं. काम मोठं झालंय, त्याचे आणखी तुकडे पाडा. आई-वडिलांना लिहिता येत नसेल तर अक्षरांऐवजी उभ्या रेघा चालतात, एक रेघ म्हणजे स्वतः केलं, पाच म्हणजे हात धरून करवलं. व्हॉट्सॲपवर अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठवला तरी भागतं. पानभर मजकुराची गरजच नाही; लांबलचक नोंदी पंधरा दिवसांत बंद पडतात.

उद्दिष्टं एका वेळी तीनच: एक भाषेचं, एक गणिताचं, एक रोजच्या जगण्यातलं. 'गणितात प्रगती व्हावी' हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा झाली. 'सांगितलेल्या संख्येइतके, दहापर्यंत, मणी वाटीत टाकतो. पाच वेळांपैकी चार वेळा, सलग तीन दिवस, मदतीशिवाय' असं लिहिलं की घरी आणि शाळेत एकाच मापाने मोजता येतं. फिरत्या विशेष शिक्षकांनी केलेला वैयक्तिक शैक्षणिक आराखडा कपाटात असतो, त्यातलीच तीन उद्दिष्टं वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. आराखडा केलेलाच नसेल तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं काम बघणाऱ्या शिक्षकांना गाठा; समग्र शिक्षा योजनेत ते त्याच कामासाठी आहेत.

मोजणी, अगदी मुळापासून

बरीच मुलं 'एक, दोन, तीन' धडाधड म्हणतात आणि तरी पाच वस्तू मोजताना सात येतात. तोंड गाण्यासारखं पुढे धावतं, बोट मागे राहतं. त्यावर पुन्हा पुन्हा अंक पाठ करून घेणं म्हणजे नेमकं जे येतं तेच शिकवणं.

अंड्यांच्या तीसच्या ट्रेमधून दोन ओळी, प्रत्येकी पाच खळगे, असा दहाचा तुकडा कापा. शेजारी जमिनीवर खडूची एक रेघ. डावीकडे वस्तू, उजवीकडे ट्रे. मुलाने एक वस्तू उचलायची, रेघ ओलांडून खळग्यात टाकायची आणि टाकतानाच अंक म्हणायचा. वस्तू हलली तरच अंक, नाहीतर नाही. सुरुवात तीनपासून; तीन पक्के झाल्यावर पाच, मग दहा. पाचाची ओळ भरली की 'पाच भरले' असं म्हणा, म्हणजे पुढे 'पाच आणि दोन सात' डोळ्यांना दिसू लागतं. दशकासाठी पऱ्हाटीच्या किंवा तुराट्यांच्या बोटभर काड्या कापून दहादहाच्या जुड्या रबराने बांधा. जुडी मुलानेच बांधायची, आणि वजाबाकीत मुलानेच सोडायची. हातचा घेणं म्हणजे काय, ते तिथे कळतं.

वस्तू निवडताना काळजी घ्या. तूर, हरभरा, मका हे दाणे नाकात-कानात जातात. तोंडात घालणाऱ्या मुलाला बाटलीची झाकणं द्या. आणि पेरणीतून उरलेलं कपाशीचं रंगीत बियाणं मोजायला कधीही देऊ नका. तो रंग म्हणजे कीटकनाशक-बुरशीनाशकाचा लेप असतो.

पैशांचं गणित आठवडे बाजारात शिकवा. सुटे मोजणं जमत नसलेल्या मुलाला 'एक दहाची जास्त' शिकवा: भाजी तेवीस रुपयांची, म्हणजे वीसला दोन नोटा आणि वर एक, अशा तीन नोटा द्यायच्या आणि सुटे परत घ्यायचे. चाळीस किंवा पन्नास असा पुरा दहाचा भाव असला की नियम गोंधळतो, म्हणून सुरुवातीला तसे भाव टाळा. ओळखीच्या भाजीवाल्या मावशीला आधी सांगून ठेवा, म्हणजे त्या घाई करणार नाहीत.

मदत करायची, आणि काढून घ्यायची

'लिही, लिही, अरे लिही ना' असं चारदा म्हटलं की मूल चौथ्याची वाट बघायला शिकतं. सूचना एकदाच द्या, मनात पाचपर्यंत मोजा, मग मदत एक पायरी वाढवा. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी दहापर्यंत मोजा. त्याच्या हाताला निघायलाच वेळ लागतो, आणि आपण मध्येच पुन्हा बोललो की त्याला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

शर्टाचं बटण, चपलेचा पट्टा, दप्तर भरणं अशी कामं शेवटाकडून शिकवा. बटण तुम्ही अर्धं काजात घाला, ओढून बाहेर काढायचं एवढं मुलाने. ते जमलं की आत ढकलणंही त्याच्याकडे. काम दर वेळी मुलाच्याच हातून पुरं होतं, म्हणून ते टिकतं. हा सराव सकाळी शाळेच्या घाईत होत नाही, संध्याकाळी कपडे बदलताना करा. सकाळी बिनधास्त तुम्ही बटणं लावून मोकळे व्हा.

मूल वही फाडतं, ओरडतं, पळून जातं तेव्हा तीन गोष्टी टिपा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. आठवड्याच्या नोंदी बहुधा बोलतात. दर वेळी गणिताच्या तासाला वही फाटते आणि दर वेळी त्याला वर्गाबाहेर उभं करतात, म्हणजे त्याच्या लेखी वही फाडणं हा गणितातून सुटायचा रस्ता. घरी धाडून देणं तर त्याहून मोठं बक्षीस. इथे दहा गणितांची तीन करा आणि 'थोडं थांबू' असं चित्र असलेला पुठ्ठा बाकावर ठेवा. पुठ्ठा दाखवला की दोन मिनिटांची सुटी लगेच द्यायची. पहिले काही दिवस तो सारखा दाखवेल, तरीही द्या. वही फाडण्यापेक्षा पुठ्ठा लवकर चालतो हे एकदा पटलं की मग वेळ हळूहळू वाढवता येतो.

वर्गातली बैठक थोडक्यात. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचे पाय लोंबकळत असतील तर हात चालत नाहीत. पायाखाली पाट ठेवा, कंबर, गुडघे आणि घोटे काटकोनात आणा. पेन्सिल सायकलच्या जुन्या ट्यूबने जाड करा. कमी दिसणाऱ्याची पाठ खिडकीकडे हवी, तोंड नव्हे. श्रवणयंत्राचा झिंक-एअर सेल हवा लागल्यावर चालू होतो, म्हणून त्याची चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मग तो यंत्रात घाला. यंत्र शिटी वाजवत असेल तर बहुधा कानातला साचा सैल झालाय, मूल वाढतं तसा तो बदलावा लागतो. यंत्र घातलं तरी मागच्या बाकावरून ऐकू येत नाही. शिक्षकांनी चार-पाच फुटांच्या आत, तोंड मुलाकडे करून बोलावं.

फिट आली तर कांदा, चप्पल, तोंडात चमचा यातलं काहीही नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन.

खानदेशचं वेळापत्रक

मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलासाठी हा बदल भूकंपासारखा असतो. आठ दिवस आधीपासून चित्रांच्या तक्त्यावर सूर्याचं चित्र खाली-वर करून दाखवत राहा, झोपेची वेळ रोज पंधरा मिनिटांनी लवकर करा. फिटच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, आणि भुसावळ-जळगावचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो. अशा मुलाला दुपारी मैदानात उभं करू नका, गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. कानबाईच्या मिरवणुकीत आणि लग्नसराईत डीजेसमोर न्यायचं असेल तर कान झाकणारं साधन सोबत ठेवा, आणि 'किती वेळ' ते आधी सांगा.

कापूस वेचणीच्या दिवसांत घरात अभ्यासाला माणूसच नसतो. तेव्हा उद्दिष्टं तीनवरून एकावर आणा, पण वही बंद करू नका. ऊसतोडीला कुटुंब जाणार असेल तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्या आणि त्यालाच ही वही जोडा. नव्या गावच्या शाळेला मूल कुठवर आलंय हे त्या पाच खुणांवरून कळतं.

कागदपत्रं

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. 'आमच्याकडे सोय नाही' हे प्रवेश नाकारायचं कारण होत नाही. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून तपासणीला सरकारी रुग्णालयात जावं लागतं. आधार कार्डावरचं आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं असल्याची खात्री त्याआधीच करा. अर्ज बहुतेक वेळा तिथेच अडकतात. प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता, वाचक भत्ता यांची चौकशी मुख्याध्यापकांकडे वर्षाच्या सुरुवातीला करा.

दहावीच्या सवलतींसाठी प्रस्ताव शाळेमार्फत जातो, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात. नववी संपतानाच विषय काढा. जादा वेळ तासाला वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक मिळाला की काम झालं असं पालकांना वाटतं, आणि घोळ इथेच होतो: मुलाला उत्तर सांगायची सवयच नसते. आठवीपासून आठवड्यातून एकदा, वीस मिनिटं, मुलाने सांगायचं आणि धाकट्या भावंडाने लिहायचं. लिहिणाऱ्याने एक शब्दही पदरचा घालायचा नाही. मुलाने 'पूर्णविराम', 'नवा परिच्छेद', 'वरची ओळ खोड' हेही स्वतः सांगायला हवं, आणि लिहून झालेलं परत वाचून दाखवायला लावायचं.